आठ कोटी लोक बोलतात, मग कँटोनीज वाचवायची कशाला?

मी तीन वर्षं सॅन होजेला होते तेव्हा ऑफिसात शेजारच्या डेस्कवर एक मुलगी बसायची. जन्म सॅन फ्रान्सिस्कोचा, आईवडील हाँगकाँगहून आलेले, आजी त्याच्याही मागच्या कुठल्यातरी खेड्यातली. तिच्या लॅपटॉपवर 'सेव्ह कँटोनीज' असा स्टिकर होता. मी एकदा भोचकपणे विचारलं, किती लोक बोलतात गं तुमची भाषा, तर म्हणाली जगात आठ कोटींच्या आसपास. मला हसूच आलं. म्हणजे बघा, २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८.३ कोटी, म्हणजे ही जवळपास आपल्याएवढीच झाली की, आणि हिला वाचवायचं काय, भाषा वाचवायची म्हणजे कुठल्यातरी डोंगरात शेवटची एक म्हातारी उरलेली असते असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. ती म्हणाली, शनिवारी मोकळी आहेस का, चहाला जाऊ, सांगते.

तो चहा तीन तास चालला. 'यम चा' म्हणतात त्याला, शब्दशः 'चहा पिणे', पण चहासोबत बांबूच्या टोपल्यांतून एकेक वाफाळता पदार्थ येत राहतो आणि टेबलवर तीन पिढ्या बसलेल्या असतात. तिने माझ्या कपात चहा ओतला, मी थँक्यू म्हणाले, तर म्हणाली तोंडाने नको, असं कर, आणि दोन बोटं वाकवून टेबलावर टकटक वाजवली. एक बादशहा वेष पालटून फिरत होता, त्याने नोकरांच्या कपात स्वतः चहा ओतला, आता लोटांगण घातलं तर बिंग फुटणार, म्हणून त्यांनी बोटांनीच टेबलावर लोटांगण घातलं, अशी दंतकथा आहे. किटलीतलं पाणी संपलं की हाका मारायच्या नाहीत, झाकण तिरकं करून ठेवायचं, वेटर येतो. आणि हो, तो 'चा' आपल्या नात्यातलाच. मकावला उतरलेल्या पोर्तुगीजांनी हा शब्द घरी नेला, आपला चहाही त्याच खानदानातला, तिकडे इंग्रजांचा 'टी' मात्र शेजारच्या फुजियान प्रांतातल्या वेगळ्या चिनी भाषेतून गेलेला.

तर कँटोनीज म्हणजे काय इथून सुरू करू. चीनच्या दक्षिणेला ग्वांगडाँग प्रांत, त्याची राजधानी ग्वांगझू, जुनं इंग्रजी नाव कँटन, त्या भागाची, हाँगकाँगची आणि मकावची ही भाषा. चीनची सरकारी भाषा मँडरिन. कँटोनीज ही मँडरिनची बोली आहे असं बरेच लोक सांगतात, चीन सरकारही तसंच म्हणतं, पण नुसती मँडरिन येणाऱ्या माणसाला कँटोनीज बोलणं कळत नाही, अगदी मराठी माणसाला बंगाली कळत नाही तसं. गोंधळ लिपीमुळे होतो. लिहायची अक्षरं बऱ्यापैकी सारखी, आणि हाँगकाँगच्या शाळेत मुलं लिहायला जे शिकतात ते मँडरिनच्या वळणाचं प्रमाण चिनी, फक्त ते वाचायचं कँटोनीज उच्चारात. म्हणजे बोलायचं एक आणि लिहायचं दुसरंच. घरात जसं बोलतात तसं लिहायलाही वेगळी अक्षरं आहेत, ती चॅटमध्ये, जाहिरातींत, कॉमिक्समध्ये दिसतात, पण निबंधात लिहिली तर लाल शाई. आपल्याकडे मालवणी किंवा अहिराणी घरातल्या पोराचं जे होतं तेच.

उच्चाराचा नमुना तिने मला टिश्यू पेपरवर लिहून दिला. 'सी' हा एकच आवाज सहा सुरांत म्हणायचा. वरचा सपाट सूर म्हणजे कविता, खालून वर चढवला की इतिहास, मधला सपाट म्हणजे परीक्षा, खाली उतरवला की वेळ, खालीच राहून जरासा चढवला की बाजार आणि खालचा सपाट म्हणजे काम किंवा बाब. मी सहा वेळा म्हणाले, तिच्या मते सहाही वेळा मी 'परीक्षा'च म्हणत होते, आणि शेजारच्या टेबलावरचे आजोबा हसून हसून खोकायला लागले. मँडरिनमध्ये असे सूर चार, इथे सहा, आणि शब्दांच्या शेवटी तुटक प, त, क येतात जे मँडरिनमधून कधीच गळून गेले. त्यामुळे हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या चिनी कवितांची यमकं कँटोनीजमध्ये म्हटली की जास्त नीट जुळतात. कँटोनीज माणूस ही गोष्ट कुठल्याही गप्पांत तिसऱ्या मिनिटाला सांगतोच (आपण ज्ञानेश्वरी सांगतो तसं).

आता हे लोक अमेरिका-कॅनडात कसे आले. १७५७ ते १८४२ युरोपियन व्यापाऱ्यांना चीनमध्ये फक्त कँटन हे एकच बंदर उघडं होतं, त्यामुळे बाहेरच्या जगाशी पहिली ओळख याच भागाची. मग अफूची युद्धं झाली, बंडं झाली, गावागावांत मारामाऱ्या, दुष्काळ, आणि नेमकं १८४८ला कॅलिफोर्नियात सोनं सापडलं. बातमी हाँगकाँगमार्गे पोचली आणि ग्वांगडाँगमधली माणसं बोटीत बसली. अमेरिकेला त्यांनी नाव दिलं 'गाम सान', सोन्याचा डोंगर. सॅन फ्रान्सिस्को झालं मोठं बंदर, सॅक्रामेंटो दोन नंबरचं बंदर, स्टॉकटन तीन नंबरचं, त्या भागातले म्हातारे लोक अजून याच नावांनी बोलतात. गंमत अशी की हे बहुतेक सगळे चीनच्या कुठल्याही कोपऱ्यातून आलेले नव्हते, जास्तीत जास्त माणसं आली ती चिकटून असलेल्या चार जिल्ह्यांतून, ज्यांना एकत्र 'सी यप' म्हणतात, सी म्हणजे चार आणि यप म्हणजे जिल्हा. त्यातला सगळ्यात मोठा पुरवठादार टोइसान. म्हणजे रत्नागिरीतल्या चार तालुक्यांनी मिळून अख्खी गिरणगाव वसवावी तसं. हे सी यप लक्षात ठेवा, नंतर माझगावात लागणार आहे.

सोनं लवकरच आटलं. मग रेल्वे. अमेरिकेच्या पूर्व-पश्चिम टोकांना जोडणारी पहिली रेल्वे १८६३ ते १८६९ मध्ये बांधली गेली, पश्चिमेकडून येणारा भाग सेंट्रल पॅसिफिक कंपनीचा, आणि त्या कंपनीच्या मजुरांत बहुसंख्य चिनी होते, म्हणजे व्यवहारात टोइसान आणि आसपासचे. सिएरा नेवाडाच्या ग्रॅनाइटमधून बोगदे, बर्फाखाली महिने, सुरुंग. १० मे १८६९ला दोन्ही रूळ जुळले तेव्हा सोन्याचा खिळा ठोकायला उभा राहिला कंपनीचा अध्यक्ष लीलँड स्टॅनफर्ड. हाच माणूस १८६२ला कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर झाला तेव्हा चिनी लोक इथे नकोत असं पहिल्याच भाषणात बोलला होता. रेल्वेतून जो पैसा झाला त्यातून त्याने आणि त्याच्या बायकोने वारलेल्या मुलाच्या नावाने १८८५ला विद्यापीठ काढलं. हो, तेच स्टॅनफर्ड. हा धागा धरून ठेवा, कारण स्टिकरची गोष्ट इथूनच येते.

रेल्वे झाली, गरज संपली, आणि १८८२ला अमेरिकेने कायदा करून चिनी मजुरांना दारच बंद केलं, ते उघडलं थेट १९४३ला. मधल्या काळात लोकांनी वाट काढली. १९०६च्या भूकंपात आणि आगीत सॅन फ्रान्सिस्कोचे जन्ममृत्यूचे कागद जळाले, मग अनेकांनी सांगितलं की आमचा जन्म इथलाच, आणि गावाकडे आम्हाला इतके इतके मुलगे आहेत. नागरिकाच्या मुलाला येता यायचं, त्यामुळे ते न झालेले मुलगे कागदावर तयार व्हायचे आणि ती जागा विकली जायची. 'कागदी मुलगे' म्हणायचे त्यांना. अधिकारी काही खुळे नव्हते. एंजल आयलंड नावाच्या बेटावर १९१० ते १९४० या माणसांना अडकवून ठेवायचे, आठवडे, महिने, आणि प्रश्न विचारायचे: तुझ्या घराला पायऱ्या किती, तांदळाचा डबा कुठल्या खोलीत, शेजारणीला मुलं किती. बोटीवर उत्तरं पाठ करायची आणि कागद समुद्रात फेकून द्यायचे. त्या बराकींच्या लाकडी भिंतींवर लोकांनी कविता कोरल्या, दोनशेहून जास्त आज नोंदवलेल्या आहेत. १९७०ला इमारत पाडायची ठरली होती, तेव्हा एका पार्क रेंजरला टॉर्चच्या उजेडात त्या दिसल्या म्हणून वाचल्या. माझ्या कलीगचं आडनाव असंच कागदावरचं आहे. खरं आडनाव फक्त आजोबांच्या थडग्यावर लिहिलंय, चिनी अक्षरांत, आणि ते तेव्हा तिला वाचता येत नव्हतं.

कॅनडानेही फार वेगळं केलं नाही. चिनी माणसाने देशात यायचं तर डोईपट्टी, १८८५ला ५० डॉलर, १९०३ला ५००, म्हणजे मजुराची दोन वर्षांची कमाई. ८० हजारांहून जास्त लोकांनी ती भरली. मग १९२३ला दार जवळपास बंदच, ते १९४७पर्यंत. २००६ला पंतप्रधान हार्पर यांनी संसदेत माफी मागितली आणि त्यात 'कॅनडा माफी मागतो' एवढं वाक्य कँटोनीजमध्ये म्हटलं. उच्चार जरा अवघडच होते, पण मँडरिनमध्ये म्हटलं नाही, कारण ज्यांची माफी मागायची होती त्यांची भाषा ती नव्हतीच.

आता मूळ प्रश्न. आठ कोटी लोक आहेत, मग अडचण कुठे आहे? अडचण एका ठिकाणी नाही, तीन-चार बाजूंनी एकदम आहे.

घरची बाजू आपल्याला माहितेय. आजी फक्त कँटोनीज बोलते, आई दोन्ही बोलते, मुलीला समजतं पण उत्तर इंग्रजीत. नातीला मग फक्त जेवणाचे शब्द येतात. माझी कलीग स्वतःला हसून म्हणायची की मी डिम सममध्ये, म्हणजे त्या चहासोबतच्या पदार्थांत, फ्लुएंट आहे, चोवीस पदार्थ मागवू शकते पण आजीला कुठे दुखतंय ते विचारू शकत नाही. आजी हॉस्पिटलात होती तेव्हा खरंच हे झालं, फोनवरचा दुभाषी घ्यावा लागला, आणि मला वाटतं स्टिकर त्याच्यानंतर लागला. आणि अमेरिकेतल्या आपल्या मुलांचं 'मला मराठी समजतं पण बोलता येत नाही' हे वाक्य मी गणपतीत इतक्या घरांत ऐकलंय की यावर हसायची माझी हिंमत नाही.

दुसरी बाजू मूळ गावाची. साधारणपणे परदेशातल्या मराठी माणसाला एक आधार असतो की इथे पोरं विसरली तरी तिकडे पुण्यात-नाशकात भाषा चालूच आहे. ग्वांगझूत शाळा मँडरिनमध्ये, ऑफिस मँडरिनमध्ये, बाहेरून कामाला आलेले लाखो लोक मँडरिनवाले, आणि तिथल्या आज्याही तक्रार करतात की नातवंडं मँडरिनमध्ये उत्तरं देतात. २०१०ला आशियाई स्पर्धांच्या आधी शहरातल्या टीव्ही चॅनेलने मुख्य कार्यक्रम मँडरिनमध्ये करावेत असा प्रस्ताव आला तेव्हा लोक रस्त्यावर उतरले होते, चीनमध्ये भाषेसाठी रस्त्यावर येणं ही लहान गोष्ट नाही. हाँगकाँगमध्ये अजून सगळं कँटोनीजमध्येच चालतं, पण हवा बदललीये. तिथे कँटोनीजसाठी काम करणारी एक संस्था २०२३ला बंद झाली, तिच्या लेखनस्पर्धेतल्या एका काल्पनिक कथेवरून राष्ट्रीय सुरक्षा पोलीस संस्थाचालकाच्या घरी पोचले होते. दुसरीकडे २०२१पासून ब्रिटनच्या खास व्हिसावर दीड लाखाहून जास्त हाँगकाँगकर तिकडे गेलेत. म्हणजे परदेशात पसरलेली माणसं वाढतायत आणि मागचं घर आक्रसतंय, त्यामुळे परदेशातल्या रविवारच्या वर्गावर एकदम जास्तच भार आलाय.

तिसरी बाजू चायनाटाउनची. आता चीनमधून अमेरिकेत येणारे बहुतेक मँडरिनवाले, कंपन्यांना मँडरिन हवी, मग पालकही म्हणतात पोराला चिनी शिकवायचंच तर मँडरिन शिकवू, करिअरला उपयोग होईल.

चौथी गोष्ट कोणी फारशी सांगत नाही. ज्या कँटोनीजला आता वाचवायचं चाललंय तिनेही एका भाषेला गिळलंय. सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनची पहिली शंभर वर्षांची भाषा शहरी कँटोनीज नव्हतीच, टोइसानची बोली होती. दोन्ही एका कुटुंबातल्या, पण टोइसान वेगळी, जडशी, शहरी माणसाला नीट कळत नाही. १९६५ला अमेरिकेचे कायदे बदलले, हाँगकाँगचे शिकलेले लोक यायला लागले, त्यांच्या मागोमाग हाँगकाँगचे सिनेमे, गाणी, आणि टोइसान एकदम गावंढळ ठरली. कलीगची आई आजीला दुकानात गप्प बसायला सांगायची. आता तीच आई 'सेव्ह कँटोनीज'च्या पिटिशनवर सही करते. मी हे तिच्या तोंडावर म्हटलं नाही अर्थात, पण कलीगनेच म्हटलं, माझ्या आधी.

आता इव्हेंट्सकडे येऊ, कारण बाहेरून जे दिसतं ते तेच असतं. चांद्र नववर्षाला तिच्या जुन्या युनिव्हर्सिटीत कार्यक्रम होता, मला घेऊन गेली. दक्षिणी सिंहनृत्य, दोन पोरं एका सिंहात, पुढचा डोकं हलवतो, डोळे मिचकावतो, मागचा वाकून शेपूट, दोघांच्याही पायात केसाळ पँट आणि त्याखाली साधे स्पोर्ट्स शूज. ढोल चाकांच्या गाड्यावर. लायब्ररीच्या दाराला बांबूवर लेट्यूसचा गड्डा टांगलेला आणि त्यात लाल पाकीट खोचलेलं. सिंह येतो, लाजतो, मागे सरतो, मग झडप घालून गड्डा तोंडात घेतो आणि आत बसलेली मुलगी पानं फाडून टराटरा बाहेर लोकांच्या अंगावर उधळते. माझ्या केसात पान अडकलं. मला वाटलं नुसती धमाल. पण लेट्यूसच का? कारण कँटोनीजमध्ये लेट्यूसला 'सांग चोय' म्हणतात आणि 'पैसा पिकव' हेही तसंच ऐकू येतं. म्हणजे तो अख्खा खेळ एका श्लेषावर उभा आहे. आणि तिथे पानं झेलणाऱ्या शंभरेक पोरांपैकी किती जणांना तो श्लेष कळला असेल? मी विचारलं त्या चौघांपैकी एकाला.

इथे माझं मत स्पष्ट सांगते. हे इव्हेंट भाषा टिकवत नाहीत. बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास, आपलीही ढोलताशा पथकं आहेत, पोरं काय वाजवतात, अंगावर काटा येतो, आणि प्रॅक्टिस संपली की गाडीत बसून सगळं इंग्रजीत. ढोल वाजवायला भाषा लागत नाही, म्हणूनच ढोल टिकतो. पण हे मी म्हटल्यावर कलीग म्हणाली, मी कँटोनीजच्या क्लासला बसले ते असल्याच एका कार्यक्रमात सिंहाचं शेपूट झाल्यावर, ढोलवाला दादा सूचना कँटोनीजमध्ये ओरडायचा आणि मला एकही कळायची नाही. त्यामुळे मी माझं मत अर्धं मागे घेते. इव्हेंट म्हणजे दुकानाची पाटी, पण आत माल हवा ना.

ऑपेरा ही मात्र वेगळी चीज आहे कारण तिथे भाषेशिवाय चालतच नाही. कँटोनीज ऑपेरा म्हणजे आपल्या संगीत नाटकासारखं, गाणं, अभिनय, शिवाय कसरती आणि रंगवलेले चेहरे. सॅन फ्रान्सिस्कोत पहिला प्रयोग १८५२ला झाला, म्हणजे सोनं शोधायला आलेल्या लोकांनी चारच वर्षांत नाटकमंडळी बोलावली, याला म्हणतात हौस. पुढे या मंडळ्या अमेरिकाभर दौरे करायच्या. अशाच एका दौऱ्यावर हाँगकाँगचा एक ऑपेरा नट आला होता, त्याच्या बायकोने २७ नोव्हेंबर १९४०ला चायनाटाउनच्या हॉस्पिटलात मुलगा जन्माला घातला, तो ब्रूस ली. २००९ला युनेस्कोने हा ऑपेरा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतला. व्हँकुव्हरला ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या मानववंशशास्त्र संग्रहालयात या ऑपेराच्या जुन्या भरजरी पोशाखांचा मोठा संग्रह आहे, तिथल्या १९३४ला सुरू झालेल्या जिन वाह सिंग या हौशी मंडळाकडून आलेला. संग्रहालयात कपडे टिकतात, गाणारे गळे मात्र चायनाटाउनच्या क्लबांत, आणि तिथे साठीच्या आतला माणूस तरुण समजतात.

न्यूयॉर्कची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. टोइसानमध्ये शेतात, घरात म्हणायची लांबलचक कथागीतं असतात, 'मुक यू', आपल्या ओव्या आणि पोवाडे यांच्या मधलं काहीतरी. एक म्हातारा शेतकरी १९७९ला अमेरिकेत आला आणि मॅनहॅटनच्या चायनाटाउनमधल्या कोलंबस पार्कमध्ये बसून गायला लागला, परदेशी गेलेल्या माणसाचं दुःख वगैरे, भोवती त्याच्याच गावाकडचे म्हातारे. लोक त्याला अंकल ङ म्हणायचे. हे आडनाव म्हणजे नुसता एक ङ आहे, स्वर नाहीच, इंग्रजीवाल्यांची बोबडी वळते, आपल्याकडे मात्र त्यासाठी अख्खं अक्षर आहे जे आपण वाङ्मय सोडून कुठे वापरत नाही. तर १९९२ला अमेरिकन सरकारने या अंकल ङ यांना लोककलावंतांचा सर्वोच्च राष्ट्रीय सन्मान, नॅशनल हेरिटेज फेलोशिप दिली. बागेच्या बाकावरून थेट तिथे. ना संस्था ना बजेट, फक्त रोज येऊन बसणारा एक माणूस आणि त्याचे शब्द कळणारे दहा श्रोते. बागेतल्या त्या बाकापुढे मला मोठमोठे फेस्टिव्हल फिके वाटतात.

आता स्टॅनफर्ड. २०२०च्या शेवटी, कोविडमध्ये, बजेटचं कारण सांगून तिथल्या कँटोनीज शिकवणाऱ्या एकमेव बाईंचं काँट्रॅक्ट पुढे वाढवलं नाही. वीसेक वर्षं शिकवत होत्या. म्हणजे वर्ग बंद. ज्या रेल्वेच्या पैशावर ते विद्यापीठ उभं राहिलं ती रेल्वे बांधणाऱ्यांच्या भाषेला तिथे एक शिक्षकही परवडेना, आणि गंमत म्हणजे त्याच विद्यापीठात २०१२पासून त्या रेल्वे मजुरांवर मोठा संशोधन प्रकल्प झालेला. माजी विद्यार्थी खवळले, 'सेव्ह कँटोनीज' मोहीम सुरू झाली, हजारोंनी सह्या केल्या, विद्यापीठाने काही वर्ग परत चालू केले, आणि मग २०२२ला चायनीज रेस्टॉरंटांना माल पुरवणाऱ्या एका कंपनीने या विषयासाठी १० लाख डॉलरचा कायम निधी दिला. कायम निधी म्हणजे मुद्दलाला हात लावायचा नाही, गुंतवायचं आणि वर्षाला साधारण चार-पाच टक्के काढायचे. दहा लाखांवर होतात वर्षाला चाळीस-पन्नास हजार डॉलर, म्हणजे कॅलिफोर्नियात एका शिक्षकाचा पूर्ण पगारही नाही, पण दरवर्षी बजेटच्या मीटिंगमध्ये यावर फुली मारता येत नाही, मुद्दा तेवढाच. सोया सॉस आणि नूडल्सच्या नफ्यातून वर्ग चालणार हे मला फारच आवडलं.

ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाने २०१५लाच क्रेडिट असलेले कँटोनीज वर्ग सुरू केलेत, तेही दोन भावांच्या देणगीतून. सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजात २०२२ला वर्ग बंद पडायची वेळ आली तेव्हा लोकांनी ट्रस्टींच्या बैठकांत जाऊन बोलून बोलून उलट कँटोनीजचं सर्टिफिकेटच पदरात पाडून घेतलं.

क्रेडिट आणि सर्टिफिकेटवर एवढा जीव का टाकायचा, घरी शिकवा ना, असं मलाही वाटायचं. कारण साधं आहे. कॉलेजच्या मुलाकडे वेळ मोजका, ज्याला मार्क नाहीत तो विषय तो घेत नाही. आणि सर्टिफिकेट नसेल तर कॉलेज वर्गाला 'छंद' समजतं आणि पैसे कमी पडले की छंदाचे वर्ग आधी जातात. शिवाय सॅन फ्रान्सिस्कोत शहराच्या सेवा चिनीतही द्यायच्या असा नियम आहे, चायनाटाउनमधल्या म्हाताऱ्यांशी बोलायला नर्स, सोशल वर्कर, कोर्टातले दुभाषी लागतात, आणि त्या म्हाताऱ्यांना मँडरिनमध्ये समजावून काही उपयोग नाही. मँडरिनसारखी तयार पुस्तकंही कँटोनीजला मुबलक नाहीत. रोमन लिपीत उच्चार लिहायची एक नीट पद्धत, ज्यूतपिंग, हाँगकाँगच्या भाषातज्ज्ञांनी १९९३ला बनवली, ज्यात सूर १ ते ६ आकड्यांनी लिहितात, पण हाँगकाँगच्या शाळेतही ती शिकवत नाहीत. पोरं ऐकून शिकतात. मग परदेशात, जिथे ऐकायला आजी सोडून कोणी नाही, तिथे शिकवणाऱ्याला सगळं साहित्य स्वतःच बनवावं लागतं.

आता माझगाव. २०२३ला मी मुंबईला परत आले तेव्हा कलीगला म्हटलं की आमच्याकडे पण तुमचं एक देऊळ आहे बहुतेक. डॉकयार्ड रोड स्टेशनजवळ, नवाब टँक रोडवर, 'सी यप कून'. पहिल्यांदा नाव वाचलं तेव्हा काही पेटलं नव्हतं, आता पेटलं. सी यप, तेच चार जिल्हे! कून म्हणजे सभागृह, गाववाल्यांची जागा, आपल्या गिरणगावातल्या गावकऱ्यांच्या खोल्या असायच्या तसं. १९१९चं बांधकाम, मुंबई बंदरात बोटींवर कामाला असलेल्या कँटोनीज खलाशांनी उभं केलेलं, देव क्वान कुंग, लाल चेहऱ्याचा दाढीवाला योद्धा. म्हणजे त्याच चार जिल्ह्यांतला एक भाऊ सॅन फ्रान्सिस्कोच्या बोटीत बसला आणि दुसरा मुंबईच्या.

मुंबईचं कँटनशी नातं तसं जुनं. पारशी व्यापारी तिकडे कापूस आणि अफू घेऊन जायचे, येताना बायकांसाठी भरतकामाच्या साड्या आणायचे, त्याच गारा. हाँगकाँग विद्यापीठाची मुख्य इमारतसुद्धा मुंबईत जन्मलेल्या होरमसजी मोदींच्या पैशातून झालीये. पण इथल्या चिनी वस्तीचं १९६२च्या युद्धाने वाटोळं केलं. देशभरातून तीनेक हजार चिनी वंशाच्या लोकांना, ज्यांत इथेच जन्मलेले कितीतरी, राजस्थानात देवलीच्या छावणीत डांबलं, सुटल्यावर पुष्कळांनी देश सोडला, बरेच टोरंटोला गेले. मुंबईत मोजकी कुटुंबं उरली. चांद्र नववर्षाला ती माझगावात जमतात, उदबत्त्या, फटाके, आणि सिंहही नाचतो. तिथे गर्दीत फोटो काढणारेच जास्त असतात, त्यात मीही होते.

मी दारावरच्या पाटीचा फोटो काढून कलीगला पाठवला. तिला ती अक्षरं वाचता आली, तोवर ती क्लासच्या तिसऱ्या लेव्हलला पोचली होती. तिने आजीला दाखवला. दोन दिवसांनी व्हॉइस नोट आली, सतरा सेकंदांची, मागे टीव्ही चालू. आजी पाटी वाचतेय, पण 'सी यप' म्हणत नाहीये. टोइसानमध्ये 'स'च्या जागी एक वेगळाच आवाज असतो, जीभ 'ल'ला टेकवून दोन्ही बाजूंनी हवा सोडायची, आपला 'ल्ह' आणि 'स' एकदम म्हटल्यासारखा. ल्ही यिप. त्यानंतर कलीगचा आवाज येतो, सी यिप, आजी म्हणते ल्ही, ती म्हणते श्ली, आजी म्हणते ल्ही, आणि मग दोघी हसायला लागतात आणि नोट तिथेच कापली जाते.